बिनपाण्याची गाडी

जुनी गाडी सांभाळणाऱ्या माणसाकडे भंगार आणि गोष्टी सारख्याच साठतात. दोन्ही कुणी मुद्दाम जमवत नाही. एका मेळाव्याला जाऊन यावं, दोन गोष्टी घेऊन यावं. पुढच्या वर्षी पुन्हा जावं, पुन्हा तेच. शेवटी घरात जागा उरत नाही आणि डोक्यातही!

आमच्या ह्यांचं आष्टीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या. हे तांब्याची तार गुंडाळायचे, मी शेजारी बसून खाचांत घालायचा कागद कापायचे. दहावी होऊन लग्न झालं, तेवढंच माझं शिक्षण. पुढचं सगळं दुकानात शिकले.

ह्यांना नाद एकच, जुन्या जर्मन गाडीचा. नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोठ्यात एक बीटल उभी होती. गोल पाठीची, मिचमिच्या डोळ्यांची. आष्टीत तिला सगळे कासवच म्हणतात. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. हिला उठवायचं कसं म्हणून ह्यांनी गाडी कोंबडीसकट आणली! डॉक्टरांचा आठ दिवसांनी निरोप आला, "गाडी लखलाभ. कोंबडी आमची आहे."

ह्या नादाची माणसं बीड जिल्ह्यात आमच्या माहितीत तीनच. एक हे, बाकी दोघांचे अण्णा. दुसरे बीडचे उस्मानभाई, गॅरेजवाले. तिसरे दिंद्रुडचे आबा. चांगली बागायत, थोडं राजकारण आणि वडिलांच्या काळातली एक लांबलचक काळी जर्मन गाडी. तिघं मिळून पुण्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचे आणि मी ह्यांच्या शेजारी. सव्वीस वर्षं गेले. मलाही तो नाद लागला म्हणा ना.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचं विसरणं सुरू झालं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, जुन्या आठवणी सांगत जा. म्हणून मी हे किस्से वहीत उतरवले. रोज एक वाचून दाखवते. हे मनापासून हसतात. मग विचारतात, "लई मजेशीर हाय. कुणाची वो ही गोष्ट?"

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. गाडी विसरले तरी चालेल, दुकान विसरले तरी चालेल. मला विसरू नयेत.

*

बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं. तिला रेडिएटर नाही, पाणी घालावं लागत नाही. हे एवढं सांगण्यात ह्यांचं निम्मं आयुष्य गेलं.

एकदा मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बाजूला घेऊन आम्ही भाकरी खात होतो. एक ट्रकवाला थांबला. भला माणूस. पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरला.

"घाटात तापली आसंल. घाला पाणी."

"पाणी लागत न्हाई हिला," हे म्हणाले.

"आसं कसं? गाडीला पाणी लागतंच."

"हिला न्हाई लागत."

त्यानं गाडीला एक चक्कर मारली. वाकून खाली बघितलं. त्याचा काही विश्वास बसेना. "कावून लागत न्हाई?"

हे भाकरीचा घास मोडत म्हणाले, "दादा, गाडी आष्टीची हाय. बिनपाण्याचं जगायला शिकली!"

*

उस्मानभाईंकडे जर्मन गाडी आहे, पण ती पाऊण आहे.

खरंच पाऊण! इथून दार, तिथून मडगार्ड, असं भंगारातून एकेक गोळा करत त्यांनी बीटल जमवायला घेतली. वीस वर्षं झाली, अजून जमतेच आहे. पण मेळावा काही त्यांनी चुकवला नाही. एका वर्षी त्यांनी एक इंजिन, दोन दारं आणि एक स्टेअरिंग टेम्पोत घातलं, पुण्याच्या मैदानात नेऊन सतरंजीवर ओळीनं मांडलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

संयोजकांचा माणूस वही घेऊन आला. "काका, गाडी कुठंय?"

"ये क्या, सामने है."

"हे पार्ट झाले. गाडी कुठंय?"

उस्मानभाईंनी त्याला शांतपणे समजावलं, "बेटा, जल्दी नक्को करो. ये आगे आ गई. बाकीची मागून येतीय."

*

एका दसऱ्याला आबांनी टूम काढली की तिन्ही गाड्या नारायणगडावर नेऊन पूजा करायची. तिन्ही म्हणजे दोन गाड्या आणि उस्मानभाईंचा टेम्पो.

पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी आबांच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मग आमच्या गाडीपाशी आले. "उघडा."

ह्यांनी उघडलं. आत स्टेपनी, माझी जेवणाची पिशवी आणि एक चादर. बीटलचं सामान पुढं असतं, इंजिन मागं.

"गुरुजी, इंजिन मागल्या बाजूला हाय," हे म्हणाले.

गुरुजी तसूभर हलले नाहीत. "देव पुढं असतो."

"पण इंजिन..."

"पूजा पुढूनच होते!"

आणि त्यांनी स्टेपनीला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला, माझ्या पिशवीवर अक्षता टाकल्या. पिशवीत धपाटे होते. आबा म्हणाले, "वहिनी, आता त्यो प्रसाद झाला. काढा!"

*

पुण्याच्या मेळाव्यात गाड्यांना गुण देतात. एका वर्षी आमची गाडी पहिल्या तिनात येणार अशी हवा होती. ह्यांनी आठ महिने खपून रंग, काचा, दिवे, सगळं मुळात होतं तसं केलं होतं. फक्त सीटांची कव्हरं मूळची मिळाली नव्हती. ती मी घरी शिवली, कडेनं टाके घालून.

परीक्षक आले. सुटाबुटातले गृहस्थ, हातात टॉर्च. सगळं बघून खूश झाले. मग आत डोकावले. "हे सीट कव्हर?"

"आमच्या घरी शिवलंय," हे म्हणाले.

"कंपनीचं नाही. गुण कापावे लागतील."

मला तर रडूच फुटायला आलं. वाटलं, उगीच हौस केली! हे म्हणाले, "कापा की साहेब. कव्हर कंपनीचं न्हाई, कबूल. पण शिवणारी बी कंपनीची न्हाई. माझी हाय!"

कप काही मिळाला नाही. येताना नगरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.  नगर सोडल्यावर हे म्हणाले, "बरं झालं. कप म्हणलं की रोज पुसत बसावा लागतो."

*

एकदा आष्टीजवळच्या कडा गावाच्या पुढं गाडीनं दम टाकला. ऊसतोडीचा हंगाम. माणसांनी, भांड्यांनी, कोंबड्यांनी भरलेला एक ट्रक मागून आला आणि थांबला. पाचसहा बायाबाप्ये उतरले, पदर खोचला, बाह्या सारल्या. त्यात एक म्हातारी होती. तिनं आधी ह्यांना विचारलं, "इंजिन कुठं हाय हिचं?"

"मागं हाय, मावशी."

म्हातारी गाडीच्या तोंडापुढं गेली आणि दोन्ही हात लावून ढकलायला लागली! गाडी नगरकडं जायची होती, म्हातारी आष्टीकडं लोटत होती.

"मावशी, इकडून न्हाई, मागून ढकलायचं!"

म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सगळ्या गाड्या इंजिनाच्या उलट्या अंगानं ढकलत्यात. आजवर ढकलल्याच न्हाईत का म्या?"

हे एवढे हसले, एवढे हसले, की रस्त्याच्या कडेला मटकन बसले. ट्रकमधलं एक लेकरू ह्यांना बघून हसायला लागलं. मग सगळेच.

तो ट्रक गेला तेव्हा हे बराच वेळ त्या दिशेला बघत उभे होते. म्हणाले, "सहा महिने घरदार सोडून चाललीत आन् आपल्याला ढकलायला उतरली."

हा किस्सा वाचला की हे अजूनही हसतात. शेवटचं वाक्य मी वाचत नाही.

*

आता पुढचे किस्से.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी अंगणात आले. गाडीचं पुढचं झाकण उघडं होतं. हे वाकून आत बघत होते. पायाशी पाण्याचा कॅन, काठोकाठ भरलेला.

"काय शोधताय?"

"सापडंना गं," हे म्हणाले.

"काय?"

"पाणी कुठनं घालायचं ते."

आधी मला चेष्टाच वाटली. मी हसलेसुद्धा! म्हटलं, ट्रकवाल्याची नक्कल चालली असेल. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते हसत नव्हते. कपाळावर घाम होता. कधीपासून शोधत होते कुणास ठाऊक.

मी कॅन उचलला आणि पाणी लिंबाच्या झाडाला घातलं. "मी घातलंय सकाळीच," म्हटलं.

"घातलं का? बरं केलंस," म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं.

*

नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. सोबत उस्मानभाई. आबा बाहेर उभे, फोनवर ह्याला त्याला दमात घेत.

डॉक्टरांनी वार विचारला. ह्यांना सांगता आला नाही. महिना विचारला, तोही नाही. वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगितले. हे एकोणीस म्हणून थांबले. डॉक्टर मवाळपणे म्हणाले, "राहू द्या. सोपं करू. एकपासून सरळ मोजा."

हे ताठ बसले. एकदम खात्रीनं म्हणाले, "एक, चार, तीन, दोन."

"पुढं?"

"पुढं काय? परत एक!"

डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. उस्मानभाई खुर्चीवरून उठलेच. "क्या लिखे साब? गलत नक्को लिखो! बराबर बोले ना अण्णा!"

"बरोबर?"

"हौ! एक, चार, तीन, दोन! ह्याच क्रमानं इंजिनाचे सिलिंडर पेटतात! कुणालाबी विचारा! तुमी एक, दोन, तीन, चार लावा, गाडी चालूच न्हाई होनेवाली!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. उस्मानभाईंकडे नीट निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमचं वय काय?"

बाहेर आल्यावर सगळं ऐकून आबा पोट धरून हसले. उस्मानभाई रुसून बसले. मी मात्र पिशवी राहिली म्हणून परत आत गेले. पिशवी माझ्या हातातच होती.

"डॉक्टर, हे मला विसरतील का?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "कदाचित."

"आधी काय जातं? नाव की तोंड?"

ते म्हणाले, "त्यात क्रम नसतो, ताई."

*

हे कड्याला म्हणून गेले आणि सापडले उलट्या दिशेला, जामखेडच्या पलीकडे. गाडी रस्त्याच्या कडेला चालूच होती आणि हे आत बसून होते. पेट्रोल संपून ती बंद पडली तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. आता चावी काढून घेणं भाग होतं.

पण आमच्या ह्या तिघांचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या स्टेअरिंगला हात लावायचा नाही. मालकानं आपल्या हातानं चावी दिली तरच. ह्यांची चावी खिशातून काढून घ्यायला कुणी धजेना. आबा म्हणाले, "मी बोलतो. माणसं वळवायचं माझं कामच हाय."

आबा आले. ह्यांच्यासमोर बसून अर्धा तास बोलले. तब्येत, कायदा, रस्त्यावरची लेकरंबाळं, दोस्ती, सगळं झालं. ह्यांनी मन लावून ऐकलं. मग आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "लई तळमळीनं बोलता तुमी. पाणी घ्या. चावी कुणाची हरवली म्हणालात?"

आबा बाहेर आले ते थेट गाडीमागं गेले. मी पाणी घेऊन गेले तर रुमालानं डोळे पुसत होते. "वहिनी, इलेक्शनला पडलो तवा बी न्हाई रडलो मी."

दुसऱ्या दिवशी उस्मानभाई आले. ऑइलचे कपडे, हातात टूलबॉक्स. दारातूनच ओरडले, "अण्णा, सर्व्हिसिंग करायची ना? चावी द्या!"

ह्यांनी लगेच खिशात हात घातला आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली. "शुक्रवारपातूर द्या. पुण्याला जायचंय."

गाडी बीडला गेली. हे रोज मला फोन लावायला लावायचे. "झाली का?"

"एक पार्ट आना बाकी है, अण्णा."

"कंचा?"

कधी फॅनबेल्ट, कधी पॉइंट, कधी क्लचवायर. समाधान व्हायचं. तीन महिने असं चाललं. एक दिवस उस्मानभाईंनी मला वेगळा फोन केला. आवाज बसलेला. "भाभी, सगळे पार्ट सांगून झाले. गाडीत आता पार्टच उरला न्हाई. अब क्या बोलूँ?"

मी म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून सांगा, भाई. त्यांना कुठं आठवतंय."

 दुसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, तेव्हा फॅनबेल्ट यायचा बाकी होता.

*

हा शेवटचा. हा वहीत लिहिलाय, पण ह्यांना वाचून दाखवलेला नाही.

ह्या हिवाळ्यात उस्मानभाई म्हणाले, अण्णांना पुण्याला न्यायचंच. डॉक्टरही हो म्हणाले. उस्मानभाईंनी बीटल चालवली, हे शेजारी, मी मागं. पुढं आबांची काळी गाडी, वाट दाखवायला. हे वाटेत फारसं बोलले नाहीत. शिरूरला एकदा विचारलं, "ह्यो डायवर कोण?" उस्मानभाईंनी समोर बघतच सांगितलं, "गॅरेज का आदमी है, अण्णा."

पण मैदानात गाडी रांगेत लागली आणि हे खाली उतरले, ते जणू दुसरेच! सदरा सारखा केला, मडगार्डपाशी ताठ उभे राहिले. लोक जमायला लागले. हे एकेकाला सांगू लागले. इंजिन मागं कसं, हवेवर थंड कसं होतं, सगळं. कुठं अडखळणं नाही. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, बघा! आला का न्हाई माणूस परत!"

मलाही तसंच वाटलं. मी चहा आणायला गेले. गर्दी फार होती, थोडा वेळ लागला. दोन कप घेऊन परत आले, तेव्हा ह्यांच्यापुढची माणसं पांगली होती. त्यांनी मला बघितलं आणि हसले. सगळ्यांकडे बघून हसत होते, तसं.

"या, ताई, या. कुठून आलात?"

उस्मानभाई पुढं यायला लागले. मी मानेनंच नको म्हटलं.

"आष्टीहून," मी म्हणाले.

"आरं वा! मंग आमच्याच की!"

त्यांनी मला गाडी दाखवली. गाडीभोवती फिरवली, काचेतून सीटं दाखवली, मागचं झाकण उघडून इंजिन दाखवलं. मी नव्यानं बघितल्यासारखी बघत होते. मग न राहवून विचारलं, "तुमच्या घरच्यांना आवडते का ही गाडी?"

ह्यांनी इकडंतिकडं बघितलं. माझ्याजवळ सरकून आवाज खाली आणला. "खरं सांगू का? तिला गाडी लागते. पेट्रोलच्या वासानं मळमळतं. पदराआड लिंबू धरून हुंगत बसती, पुण्यापातूर. मला ठाऊक न्हाई आसं वाटतंय तिला."

 मग मी विचारलं, "तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोललो आसतो तर ती यायची थांबली आसती. मंग मी एकटा कुठं फिरू?" आणि लगेच म्हणाले, "तिला सांगू नका हां, ताई."

"नाही सांगत," मी म्हटलं. "नाव काय त्यांचं?"

"सुमन."

चहाच्या टपरीच्या बाजूला टाचा उंचावून त्यांनी गर्दीत बघितलं.

"चहा आणाया गेलीया. यील आत्ता. थांबा जरा, भेट घालून देतो."

दोन्ही कप माझ्या हातात होते.

"थांबते," मी म्हटलं.